पडदा कोणाचा? पिट्सबर्गपासून पीजपर्यंत

‘दूरदर्शन’ या शब्दातच दूरचे पाहण्याची ओढ आहे. दिल्लीचे संचलन, परदेशातला क्रिकेटचा सामना, रोमहून पोपमहोदयांनी दिलेला नाताळचा आशीर्वाद हे सारे घरबसल्या दिसावे म्हणून माणसाने हे यंत्र ओटीवर आणून ठेवले. चार पावलांवर घडणाऱ्या गोष्टी पाहायला यंत्र कशाला हवे, असे कोणीही म्हणेल. परंतु आपल्याच शहराचे, आपल्याच तालुक्याचे बोलणे पडद्यावर आणावे आणि त्यातून शेजार जोडावा, असा विचार काही माणसांनी केला व तो पुष्कळ वर्षे चालवून दाखवला. अशा प्रयत्नांपैकी दोन आम्ही येथे विस्ताराने मांडणार आहोत. एक अमेरिकेतल्या पोलादनगरीतला, दुसरा आपल्या शेजारच्या गुजरातेतल्या दूधगावांतला. मधल्या वाटेवर आपल्या मुंबईलाही थोडे थांबू.

अमेरिकेत दूरचित्रवाणी आरंभापासून व्यापाऱ्यांच्या हाती होती. साबणाच्या आणि सिगारेटच्या कंपन्या कार्यक्रमांचा खर्च उचलत आणि कार्यक्रम कसा असावा हेही पुष्कळदा त्याच ठरवत. १९५२ साली तेथील संपर्क आयोगाने २४२ वाहिन्या शैक्षणिक व बिनव्यापारी उपयोगासाठी राखून ठेवल्या. हा निर्णय सहजासहजी झालेला नव्हता. फ्रीडा हेनॉक या आयोगाच्या पहिल्या महिला सदस्येने त्यासाठी नेटाने झुंज दिली होती. राखीव वाहिनीवर पहिले केंद्र १९५३ साली ह्यूस्टन येथे सुरू झाले. ते विद्यापीठाचे होते. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहराने मात्र निराळा मार्ग धरला. कोणा एका विद्यापीठाने वा संस्थेने केंद्र चालवण्याऐवजी सगळ्या शहराने ते चालवावे, असे तेथे ठरले.

पिट्सबर्ग हे भट्ट्यांचे शहर. धुरामुळे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत, अशी त्याची एके काळी ख्याती होती. युरोपातून आलेल्या कामगारांच्या वस्त्या, प्रत्येक वस्तीची भाषा निराळी, चर्च निराळे. त्या वेळचे महापौर डेव्हिड लॉरेन्स हे कामगार कुटुंबातून वर आलेले कॅथॉलिक गृहस्थ होते. पुढे १९५९ साली ते पेनसिल्व्हेनियाचे पहिले कॅथॉलिक गव्हर्नर झाले. शहराचे स्वतःचे चित्रवाणी केंद्र असावे ही कल्पना त्यांनी उचलून धरली. पैसा उभारण्यासाठी उद्योगपतींचे दरवाजे तर ठोठावण्यात आलेच, पण त्याबरोबर घरोघर फिरून प्रत्येक कुटुंबाकडे दोन डॉलर मागण्यात आले. १ एप्रिल १९५४ रोजी केंद्र सुरू झाले. त्याचे नाव डब्ल्यू.क्यू.ई.डी. यातील शेवटची तीन अक्षरे म्हणजे भूमितीच्या प्रमेयाखाली आपण शाळेत लिहीत असू ते ‘हेच सिद्ध करावयाचे होते’ या लॅटिन वचनाची आद्याक्षरे. लोकवर्गणीच्या पायावर उभे राहिलेले हे अमेरिकेतील पहिले चित्रवाणी केंद्र.

नुसत्या दोन-दोन डॉलरांनी मनोरा उभा राहत नाही, हे आम्ही जाणतो. मोठ्या रकमा मोठ्यांनीच दिल्या. तरीही घरटी वर्गणीला आपले मोल असते, ते हिशेबाच्या वहीतून कळत नाही. धर्मग्रामात चर्चच्या छपराचे काम निघाले की एखादा दाता अर्धा खर्च एकटा देऊ शकतो. पण शहाणा धर्मगुरू तेवढ्यावर थांबत नाही, तो पन्नास रुपयांची पावतीही आनंदाने फाडतो. ज्याने पन्नास रुपये दिले तो पावसाळ्यात मान वर करून छप्पर गळते का ते पाहतो. पिट्सबर्गला हेच झाले. केंद्र आपले, म्हणून त्याच्याविषयी तक्रार करण्याचा अधिकारही आपला, ही भावना तेथे आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अशाच एका केंद्रावर १९५५ साली पैशाअभावी बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी दिलेल्या वस्तूंचा पडद्यावरच लिलाव मांडण्यात आला आणि केंद्र तगले. आपल्याकडे सणाच्या फेस्तात भोपळ्याचा वा केळीच्या घडाचा लिलाव होतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे अशा केंद्रांचा तो वार्षिक उत्सवच झाला.

पिट्सबर्गच्या केंद्रात न्यूयॉर्कची चांगली नोकरी सोडून एक पंचविशीचा तरुण आला होता. त्याचे नाव फ्रेड रॉजर्स. जोसी कॅरी या तरुणीबरोबर त्याने मुलांसाठी रोजचा कार्यक्रम सुरू केला. ती पडद्यावर दिसे. तो मागे राहून ऑर्गन वाजवी आणि बाहुल्या हलवी. केंद्र सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी व्यवस्थापिका डोरोथी डॅनियल यांनी त्याला वाघाची एक छोटी बाहुली भेट दिली. तिला त्यांचेच नाव मिळाले, डॅनियल वाघ. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई. मध्ये दाखवायच्या जुन्या फिती तुटत, आणि रिकामा वेळ भरून काढायला हा वाघ पडद्यामागून डोके बाहेर काढी. पैशाची चणचण आणि यंत्राची मोडतोड यांतून एक पात्र जन्माला आले, ते पन्नास वर्षे टिकले.

रॉजर्स दुपारच्या सुटीत ईशज्ञानाचा अभ्यास करी. १९६३ साली प्रेस्बिटेरियन पंथाने त्यांना दीक्षा दिली, ती कोणत्याही चर्चची वेदी न सोपवता. चित्रवाणीच्या माध्यमातून मुलांची व कुटुंबांची सेवा, हेच त्यांचे काम ठरवून देण्यात आले. १९६८ पासून त्यांचा ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ हा कार्यक्रम देशभर दिसू लागला. शीर्षकातला ‘नेबरहुड’ म्हणजे शेजार, आळी, मोहल्ला. घरात येऊन ते कोट काढीत, लोकरी स्वेटर घालीत, बूट बदलीत आणि समोरच्या एकाच मुलाशी बोलावे तसे सावकाश बोलत. त्याच्या आधीच्या वर्षी, १९६७ मध्ये, बोस्टनच्या केंद्राने आपले दरवाजे एका दिवसासाठी लोकांना उघडले होते. रॉजर्स येणार म्हणून काही शे माणसे जमतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात हजारो आली. मुलांचे हात धरलेल्या आयाबापांची रांग रस्त्यावर दूरवर गेली. ज्या केंद्रांना आपल्याला नेमके कोण पाहते हे तोवर माहीत नव्हते, त्यांना त्या रांगेने उत्तर दिले.

त्याच बोस्टनमध्ये पुढच्या वर्षी जे घडले ते या माध्यमाच्या इतिहासात आम्हांला सर्वांत लक्षणीय वाटते. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या रात्रीपासून अमेरिकेतील शंभराहून अधिक शहरांत दंगली पेटल्या. ५ तारखेला बोस्टन गार्डन या मोठ्या सभागृहात जेम्स ब्राऊन या कृष्णवर्णीय गायकाची मैफल ठरलेली होती. ती होऊ दिली तर हजारो संतप्त तरुण शहराच्या मध्यभागी येणार. रद्द केली तर तेच तरुण बंद दरवाजासमोर उभे राहणार. टॉम ॲटकिन्स या कृष्णवर्णीय नगरसेवकाने महापौर केव्हिन व्हाइट यांना तिसरा मार्ग पटवला. मैफल होऊ द्यावी, आणि ती शहराच्या सार्वजनिक केंद्रावरून, डब्ल्यू.जी.बी.एच. वरून, थेट दाखवावी. सभागृहात फार थोडे लोक आले. उरलेले घरी पडद्यासमोर बसले. मैफल संपताच केंद्राने ती पुन्हा दाखवली. ती रात्र इतर शहरांच्या मानाने बोस्टनने शांततेत काढली. एका गायनाच्या कार्यक्रमाने वर्णद्वेष संपला असे कोणी म्हणू नये; शाळांमधील वर्णभेदावरून हेच बोस्टन १९७४ नंतर पुन्हा पेटले. पण एका रात्रीपुरते का होईना, हातात मनोरा असलेली माणसे आणि त्या शहराचे दुःख ओळखणारी माणसे एकच होती. दूरच्या राजधानीतून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत असा निर्णय घेऊन तो अमलात आणणे, आम्हांला तरी शक्य वाटत नाही.

रॉजर्स यांनी आपल्या पद्धतीने याच प्रश्नाला हात घातला. पोहण्याच्या तलावांत गोरे व काळे यांनी एकत्र उतरण्यावरून अमेरिकेत हाणामारी होत असे. १९६९ मधल्या एका भागात रॉजर्स उन्हाळ्याच्या दिवशी एका छोट्या टबात पाय सोडून बसले आहेत आणि ते शेजारी येणाऱ्या कृष्णवर्णीय पोलिसाला, म्हणजे फ्रांस्वा क्लेमन्स या गायक-नटाला, आपल्याबरोबर पाय गार करायला बोलावतात. दोघांचे पाय एकाच पाण्यात. भाषण नाही, घोषणा नाही. १९९३ साली हाच प्रसंग पुन्हा चित्रित झाला तेव्हा रॉजर्स यांनी क्लेमन्स यांचे पाय टॉवेलने पुसले. पवित्र गुरुवारचा विधी ज्यांनी लहानपणापासून पाहिला आहे त्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

वर्गणी आणि लिलाव यांवर सगळे भागत नव्हते. १९६७ साली अमेरिकेने सार्वजनिक प्रक्षेपणाचा कायदा केला आणि मध्यवर्ती सरकारचा पैसा एका महामंडळामार्फत स्थानिक केंद्रांना मिळू लागला. हा निधी कमी करण्याचा विचार चालू असताना १ मे १९६९ रोजी रॉजर्स यांनी सिनेटच्या समितीपुढे सहा-सात मिनिटे साक्ष दिली आणि निधी वाचला, ही कथा तिकडे फार प्रेमाने सांगितली जाते. त्या कथेचा उत्तरार्ध तितका गोड नाही. २०२५ साली तेथील काँग्रेसने आधीच मंजूर केलेला सुमारे ११० कोटी डॉलरचा निधी काढून घेतला आणि त्या महामंडळाने आपला गाशा गुंडाळण्यास सुरुवात केली. छोट्या गावांतील केंद्रांना याचा सर्वांत मोठा तडाखा बसला, कारण तेथे दोन डॉलर देणारी कुटुंबेच मुळात थोडी.

आपल्या देशात चित्रवाणी आली ती सरकारच्या हातून. १५ सप्टेंबर १९५९ रोजी युनेस्कोच्या साह्याने दिल्लीला प्रायोगिक केंद्र सुरू झाले. वस्त्यांमध्ये सामुदायिक संच ठेवून त्यांच्याभोवती ‘टेलिक्लब’ स्थापन करण्यात आले. आमच्या पु. ल. देशपांडे यांनीही त्या आरंभीच्या दिवसांत दिल्लीच्या केंद्रात काम केले. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. त्यामागे डॉ. विक्रम साराभाई यांची प्रेरणा होती.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ ही नावे नुसती उच्चारली तरी पन्नाशीपुढच्या वाचकांच्या कानांत ती धून वाजू लागेल. आमच्या लहानपणी आळीत एखाद-दुसऱ्या घरी संच असे, आणि त्या घराच्या मालकिणीला संध्याकाळी आपले घर आपले राहत नसे. खिडकीच्या गजांना लोंबकळलेली पोरे, उंबऱ्यावर बसलेली म्हातारी माणसे, आणि वरळीच्या दिशेला तोंड करून कौलांवर उभी असलेली अँटेना. रोझरीची वेळ शनिवारी मराठी चित्रपटाच्या आधी ओढली जाई, यावरून घराघरांत वाद होत. वडीलधारी माणसे रोझरीच्या बाजूने, आम्ही चित्रपटाच्या. या काळातला एक कार्यक्रम येथे मुद्दाम आठवला पाहिजे. आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’. तो पाहून लोक केवळ पत्र लिहून थांबले नाहीत. गावोगाव ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन झाली आणि पडद्यावर पाहिलेल्या विषयांतून प्रत्यक्ष समाजकार्याला लागली. हे करायला कोणी परिपत्रक काढले नव्हते. पुढे १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रात्रीचा ऐन वेळ दिल्लीकडे गेला, आणि मुंबईचे बोलणे संध्याकाळच्या कोपऱ्यात सरकले.

आता पीजकडे वळू. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला मिळावा असा करार १९६९ साली साराभाईंच्या पुढाकाराने झाला. १९७१ च्या डिसेंबरात ते गेले; काम त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरे केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाहून थेट कार्यक्रम दिसले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची दहा फुटी छत्री शाळेच्या अंगणात उभी राहिली. हाच तो ‘साइट’ प्रकल्प. त्याची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे प्रमुख होते. थुंबा येथे अग्निबाण तळासाठी जागा शोधणाऱ्यांतही हेच चिटणीस होते. त्या तळासाठी बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी मरिया माग्दालेनाचे चर्च व आपले निवासस्थान सोडून दिले, हा इतिहास आपल्या समाजात सर्वश्रुत आहे. शंभर वर्षांचे आयुष्य लाभलेले चिटणीस २०२५ साली निवर्तले.

‘साइट’चे कार्यक्रम आकाशातून येत आणि सहा राज्यांना पुरत. त्याच वेळी अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या पीज गावी, एक किलोवॉटचे छोटे क्षेपक उभारले. ते एका जिल्ह्यापुरते बोलणार होते, आणि तेही त्या जिल्ह्याच्या गुजरातीत. जिल्हा निवडताना अहमदाबादची जवळीक पाहिली गेली असेल, पण खेड्याजवळ आणखी एक भांडवल होते. १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली येथे दूध उत्पादकांचा संघ स्थापन झाला होता; वर्गीज कुरियन १९४९ साली तेथे आले आणि तेथेच राहिले. गावोगाव दूधसंस्था होत्या. सकाळ-संध्याकाळ सगळ्या जातींची माणसे, त्यांत बायकाही, हातात बरणी घेऊन तेथे एका रांगेत उभ्या राहत. सुमारे ४०० गावांत सहाशेहून अधिक सामुदायिक संच ठेवण्यात आले, ते बहुधा अशा दूधसंस्थांच्याच आवारात. संध्याकाळचे दूध मोजून झाले की तेथेच पडदा उजळे. माणसे जमवण्यासाठी नवे काही करावे लागले नाही. ती आधीच जमलेली होती. ही निवड ज्याने केली त्याला आम्ही मनापासून दाद देतो.

येथेही एक दोन रुपयांची गोष्ट आहे. ‘मंथन’ हा श्याम बेनेगल यांचा १९७६ चा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढला. त्याच्या पटकथेला विजय तेंडुलकरांचा हात लागला होता, आणि त्यातली स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असे. पिट्सबर्गचे दोन डॉलर आणि चरोतरचे दोन रुपये यांची एकमेकांना कल्पना नव्हती.

पीजचे कार्यक्रम करणारी मंडळी अहमदाबादला बसून विषय ठरवत नसत. केंद्रातले समाजशास्त्रज्ञ आधी गावात जात, लोक काय बोलतात ते ऐकत, मग लेखन होई, आणि प्रक्षेपणानंतर पुन्हा गावात जाऊन लोकांना काय कळले ते विचारले जाई. शेती, जनावरांचे रोग, बाळंतपण हे विषय तर होतेच. त्यापलीकडे हुंडा, बायकांची मारझोड, शेतमजुरांना न मिळणारी किमान मजुरी, दलितांवरचा अन्याय हेही पडद्यावर आले. ‘हवे न सहेवाय पाप’, म्हणजे आता हे पाप सोसवत नाही, असे एका मालिकेचे नावच होते. गावातल्या लोकांनी लिहावे, गावातल्यांनीच भूमिका कराव्यात, असेही प्रयत्न झाले. ज्या ओट्यावर शेतमालक आणि मजूर दोघे बसले आहेत, तेथे पडद्यावर मजूर आपल्या मजुरीविषयी बोलू लागतो तेव्हा त्या ओट्यावर शांतता पसरत असणार, हे खेड्यात वाढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. समाज जोडणे म्हणजे सगळ्यांना एकत्र हसवणे, असा एक समज आपल्याकडे आहे. पीजने तो मानला नाही, आणि म्हणूनच आम्ही त्याला नुसत्या शेतीविषयक कार्यक्रमांच्या पंक्तीत बसवत नाही. १९८४ साली ग्रामीण संज्ञापनासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला.

पुरस्काराच्या दुसऱ्याच वर्षी केंद्र बंद झाले. अहमदाबादला अधिक शक्तीचे क्षेपक आले होते, त्याच्या टप्प्यात खेडा जिल्हा येत होता. मग पीजचे छोटे यंत्र हवे कशाला, असा हिशेब दिल्लीत मांडला गेला. यंत्रांच्या भाषेत तो हिशेब बरोबर होता. चित्र पूर्वीइतकेच, कदाचित अधिक स्वच्छ दिसणार होते. त्या चित्रात खेडा नसणार, एवढाच फरक. त्या काळात देशभर क्षेपकांची भराभर उभारणी चालू होती, ‘हमलोग’ मालिकेने १९८४ मध्ये जाहिरातदारांचे डोळे उघडले होते, आणि चारशे गावांसाठी वेगळे बोलत बसणे ही चैन वाटू लागली होती. खेड्यातल्या लोकांनी विरोध केला. पण विरोध कोणत्या अधिकाराने करायचा? दूधसंस्थेचा सभासद आपल्या अध्यक्षाला मत देऊन पाडू शकत होता, कारण संस्थेत त्याचा भाग होता. चित्रपटासाठीही त्याने दोन रुपये मोजले होते. पीजच्या मनोऱ्यात त्याचा एक पैसाही नव्हता. कोणी मागितलाच नव्हता. शास्त्रज्ञ सज्जन होते, त्यांनी गावाचे ऐकले, गावाला बोलते केले. मात्र मनोऱ्याची मालकी गावाकडे द्यावी, हा विचार त्या योजनेत कोठेच नव्हता. आमच्या मते या सुंदर प्रयोगातली खरी उणीव ती हीच.

१९८५ साली ते एक किलोवॉटचे क्षेपक पीजहून काढून मद्रासला, तेथील दुसऱ्या वाहिनीसाठी, नेण्यात आले. खेडा जिल्ह्यातल्या दूधसंस्थांमध्ये त्या संध्याकाळीही नेहमीप्रमाणे दूध मोजले गेले.